सही नसलेला ड्रायव्हर

खंडेनवमीच्या सकाळी रंगराव सुतारांचा आवाज बंद झाला, आणि तो बंद केला त्यांच्या लेकीनंच. वृषालीला ते पुढं फार लागलं. त्या वेळी मात्र त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नव्हतं.

रंगराव म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले पॅटर्नवाले. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो, आणि तो उठवायला लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो. असे नमुने घडवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. कारखाना बंद केला तरी रंधे, पटाशा, करवती घरातच होत्या, आणि खंडेनवमीला त्या धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून ठेवायचा रिवाज काही सुटला नव्हता. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम.

गेली काही वर्षं त्या ओळीत एक काळा डबाही होता, रंगरावांच्या पलंगाशेजारचा. त्याला नुसतं फूल वाहायचं आणि चालूच ठेवायचं, असं आजवर चालत आलं होतं. या वर्षी वृषालीची आई, शालन, ताट घेऊन आली आणि म्हणाली, "ह्योबी बंद कर की आज. बाकीच्यांना इसावा, ह्यालाच तेवढा न्हाई व्हय?"

"आई, आप्पांचा आवाज आहे तो. आवाजाला कसली सुट्टी?"

"हत्यारच की ते. एक दिस गप बसलं तर काय बिघडतंय?"

वृषालीनं वडलांकडं पाहिलं. "आप्पा, काय करू?"

डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि स्पीकरमधून रंगरावांचा खरखरीत आवाज आला. "कर की. तिचं ऐक एकदा."

मग तिनं डबा रीतसर बंद केला.

रंगरावांना नसांचा आजार होता. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ, आणि गेल्या वर्षी पापण्यासुद्धा हलायच्या थांबल्या. श्वास यंत्र देत होतं. कान आणि कातडी मात्र शाबूत होती. पंख्याचा वारा कळायचा, डास चावलेला कळायचा. अशा माणसाचा मेंदू बोलायचं सोडत नाही. जिभेला, ओठांना, घशाला तो हुकूम सोडतच राहतो, फक्त ते पोचत नाहीत. रंगरावांच्या कवटीखाली नाण्याएवढी एक जाळी बसवली होती. ती हे हुकूम वाटेतच पकडायची आणि डब्याकडं पाठवायची. डबा त्यांचे शब्द करायचा आणि जीभ शाबूत असताना भरून ठेवलेल्या त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवायचा.

पण एकाच्या मेंदूचे हुकूम दुसऱ्यासारखे नसतात. डबा सहा वर्षं दररोज रंगरावांचं ऐकत, चुकत, त्यांच्या शिव्या खात शिकला होता. ते शिक्षण डब्यातच कुलूपबंद ठेवलेलं असायचं. वृषाली त्याला तिजोरी म्हणायची. घरबसल्या बंगळूरच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळणं हे तिचं काम, त्यामुळं डब्याची देखभाल तिच्याकडंच होती.

आणि येत्या बुधवारी त्या डब्याचं मोठं काम होतं. श्वासयंत्रावरच्या माणसाला दर सहा महिन्यांनी डॉक्टरनं येऊन विचारायचं, यंत्र चालू ठेवायचं की थांबवायचं, असा कायदा झाला होता. उत्तर त्या माणसाचंच हवं, आणि आपल्यात कुणी ढवळाढवळ केलेली नाही अशी ग्वाही देणाऱ्या यंत्रातूनच यायला हवं. तसं उत्तर मिळालं नाही तर श्वास चालू राहणार, आणि पुढची विचारणा सहा महिन्यांनी.

आठवडाभरापूर्वी, शालन भाजी आणायला गेली असताना, रंगराव म्हणाले होते, "वृषा, बुधवारी मी बास म्हणणार हाय."

ती पलंगाशी येऊन बसली.

"लई झालं गं. कफ ओढायला घशात नळी घालतात तवा जीव जातोय, आणि पुन्हा येतोय. आईला सांगू नगंस आत्ता."

ती गच्चीवर गेली, वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडली, तोंड धुऊन खाली आली आणि म्हणाली, "बरं आप्पा."

दसऱ्याच्या सकाळी, शनिवारी, तिनं डबा सुरू केला. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं धावली, तिजोरी उघडल्याची खूण आली. आणि मग लाल अक्षरांत एकच ओळ: ड्रायव्हर घेता आला नाही, किल्ली नाकारली.

वृषालीला लगेच कळलं, आणि कळल्यावर तिनं डोक्याला हात लावला. डब्यात लिनक्स चालायचं. पण शब्द करणारी प्रणाली होती दुसऱ्याच, कधीच मोडीत निघालेल्या संगणकासाठी लिहिलेली. म्हणून डब्याच्या पोटात एक लटका संगणक मांडलेला होता, त्याला म्हणायचं व्हर्च्युअल मशीन. आपण खरेच आहोत, आपली मेमरी खरी, आपल्याला जोडलेली जाळी खरी, अशी त्याची समजूत राखावी लागते, आणि ते काम एका ड्रायव्हरचं. हा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जाऊन बसतो. आता गाभ्यात कुणीही शिरू लागला तर झालंच की. म्हणून सिक्युअर बूट नावाचा पहारा असतो. प्रत्येक तुकड्यावर सही हवी आणि ती यंत्राच्या ओळखीच्या किल्लीनं केलेली हवी. मेंदूला जोडलेल्या यंत्रांना तर हा पहारा सक्तीचाच होता, कारण दुसऱ्याच्या मेंदूत हात घालायला निघालेले महाभागही एव्हाना निपजले होते.

कर्नल बदलला की ड्रायव्हर नव्यानं घडवायचा आणि त्यावर नव्यानं सही करायची. वृषाली चौदा महिने ते टाळत आली होती. बोलताहेत ना आप्पा नीट, मग कशाला हात लावा? अपडेट येत होते, डिस्कवर गप बसून राहत होते, आणि डबा जुन्याच कर्नलवर चालला होता. बंद करून चालू केल्याबरोबर नवा कर्नल गादीवर बसला. त्यानं ड्रायव्हर नव्यानं घडवलासुद्धा, पण सही करायला कुणी नव्हतं. आणि जुने कर्नल जागा मोकळी करताना यंत्रानं आपल्या आपण पुसून टाकले होते.

सहीची किल्ली डब्यातच होती, पण तीही परवलीच्या वाक्यानं बंद केलेली. ते वाक्य सहा वर्षांपूर्वी रंगरावांनी स्वतः ठरवलं होतं, जीभ थोडीफार वळत होती तेव्हा, डबा बसवायला आलेल्या माणसासमोर. वृषाली त्या वेळी बंगळूरला होती. पुढं कधीतरी विचारून ठेवू, असं तिनं कितीदा म्हटलं असेल. आता ज्यांना ठाऊक होतं त्यांचाच आवाज त्या वाक्यामागं अडकला होता.

"आई, आप्पांनी डब्याला काय वाक्य घातलं होतं, तुला ठाऊक आहे? तू होतीस ना तेव्हा?"

शालन आपट्याची पानं निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

रंगराव छताकडं तोंड करून पडले होते. डब्यावरचा हिरवा दिवा मधूनमधून लुकलुकायचा. तो दिवा लटक्या संगणकाचा नव्हता. जाळीकडून हुकूम आला की तो लागायचा. म्हणजे आप्पा बोलत होते. वृषाली जवळ जाऊन म्हणाली, "आप्पा, माझी चूक झाली. मी करतेय काहीतरी." दिवा बराच वेळ लुकलुकला. ते रागावले होते, की समजूत घालत होते, की वाक्यच सांगत होते, तिला काय कळणार?

रविवारभर ती अंदाज करत बसली. आधी स्वतःचं नाव घातलं, मागून पुढून, जन्मतारखेसकट. आईचं नाव, लग्नाची तारीख, गल्लीचं नाव, कुलदैवत, कारखान्याची पाटी. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहून तिनं यंत्रालाच लाखो शब्द चाळायला बसवलं. एकही लागला नाही.

नवी किल्ली करून ती यंत्राच्या ओळखीच्या यादीत घालावी, असंही मनात आलं. कुठल्याही साध्या संगणकावर तिनं तेच केलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पण इथं तिजोरी त्या यादीवरच नजर ठेवून होती. यादीत एक किल्ली वाढली की आपल्याला फसवताहेत असं समजून ती मिटणार, आणि ती उघडायचा जादा संकेत होता डबा बनवणाऱ्या कंपनीकडं. ती कंपनी तीन वर्षांपूर्वी बुडाली होती. फोन लावून पाहिला तर तो नंबर आता कुणा बेकरीवाल्याचा होता.

सोमवारी संध्याकाळी तिनं हात टेकले. एक गोष्ट तिच्या मनात सारखी येत होती आणि ती तिला आवडत नव्हती: हे असंच राहिलं तर आप्पा आणखी सहा महिने आहेत. तिनं काहीच केलं नाही तरी तिला कुणी दोष देणार नव्हतं. कामावर बसलेल्या माणसासारखी ती पडद्यासमोर बसून होती, पण तासभर तिची बोटं हलली नाहीत. मग दिवा पुन्हा लुकलुकला आणि तिला स्वतःची शरम वाटली.

मंगळवारी दुपारी तिनं शेवटचा उपाय काढला. सिक्युअर बूट बंद केलं. पहाराच उठवला म्हटल्यावर ड्रायव्हर सहीशिवाय आत गेला, लटका संगणक जागा झाला. अपेक्षेप्रमाणे तिजोरी मिटलेलीच राहिली. पहारा परत बसवल्याशिवाय ती उघडणार नव्हती. पण प्रणालीत हुकमांचे शब्द करायचा एक कोरा, सगळ्यांसाठीचा साचा होता, नव्या रोग्याला पहिल्या दिवशी वापरायचा. उद्या डॉक्टरांनी तो मानला नसताच. निदान एक शब्द तरी बाहेर येईल, एवढीच तिची आशा होती. एक आला तर ते वाक्यही येईल.

"आप्पा, बोला. डब्याचं वाक्य सांगा."

दिवा लागला. स्पीकरमधून अनोळखी, गुळगुळीत आवाज आला. "नमस्कार. मी आनंदात आहे. कृपया माझी काळजी करू नका."

शालन स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठानं भरलेले. "बोलले? बोलले व्हय?"

"आई, थांब."

"आपण सर्वांनी माझ्यासाठी खूप कष्ट घेतले," आवाज म्हणाला. "मी आपला ऋणी आहे. मला अजून पुष्कळ जगायचं आहे."

शालन पलंगाच्या कडेला बसली. रंगरावांचा चेहरा होता तसाच होता. दिवा मात्र विझायला तयार नव्हता, भराभर लुकलुकत होता, आणि आवाज संथपणे सांगत होता की हवामान छान आहे आणि सर्वांना भेटून आनंद झाला.

वृषालीला ते असह्य झालं. "आई, हे आप्पा नाहीत. ह्याला दहातले दोन शब्द कळतात. बाकीचे हा आपल्या पदरचे घालतो. हजार आजारी माणसं जे म्हणतात तेच म्हणतो."

"मला अजून पुष्कळ जगायचं आहे," आवाज पुन्हा म्हणाला.

शालन ऐकत राहिली. एवढी वर्षं ज्यासाठी तिनं उपास केले तेच वाक्य होतं ते. मग ती उठली आणि पीठ भरल्या हातानंच तिनं स्पीकरची तार उपसून काढली.

"ह्यांचं न्हवं हे," ती म्हणाली. "ह्यांनी जन्मात कुणाला नमस्कार म्हटलं न्हाई."

दिवा लुकलुकत होता.

"बिडाला एक सूत," शालन म्हणाली.

"काय?"

"वाक्य. बिडाला एक सूत. बीड थंड होताना आकसतंय, फुटामागं एक सूत, म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. लग्न होऊन आले तवा पॅटर्नला काचपेपर मीच मारत होते. पहिल्या दिवशी ह्यांनी मला हेच शिकवलं. तो डब्यावाला आला तवा मला इचारूनच घातलं त्यांनी."

वृषालीला कारखान्यात कुणी येऊच दिलं नव्हतं. तू अभ्यास कर, धुळीत कशाला येतीस, असं म्हणून आप्पा तिला परत पाठवायचे. आपलं नाव चाळीस प्रकारे घालून पाहिलं ते तिला आठवलं, आणि या वेळेला असलं काही वाटू नये हे कळत असूनही तिला वाईट वाटलं.

"म्हणजे तुला शनिवारपासून ठाऊक होतं?"

"व्हय."

"आणि तू पानं निवडत बसलीस?"

"मग काय करू?" शालनचा आवाज चढला नाही. "बुधवारी बास म्हणणार हाईत ते. मला सांगितलंय. वृषाला सांगू नगंस म्हणाले."

वृषालीला हसावं की रडावं कळेना. "मलापण सांगितलंय. आईला सांगू नगंस म्हणाले."

"डबा चालू झाला न्हाई तवा मी देवाला हात जोडले," शालन म्हणाली. "मी काय मोडला न्हवता. आपल्या आपण मोडला. म्हटलं, सहा महिने मिळाले. पण त्यांच्या तोंडून दुसराच बोलायला लागला तर मला कशाला सहा महिने?" ती पदरानं डोळे पुसत आत गेली. पोळी तव्यावर करपली होती.

वृषालीनं वाक्य टाइप केलं. किल्ली उघडली. ड्रायव्हरवर सही झाली, तिनं सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं, तार जोडली आणि डबा नव्यानं सुरू केला. तिजोरी उघडली. या खेपेला लाल अक्षरं आली नाहीत.

"चार दिस," रंगरावांचा आवाज आला, खरखरीत, दमलेला. "चार दिस बोंबलतोय मी."

"आप्पा, चुकलंच माझं."

"तुझं सोड. त्यो नमस्कारवाला परत माझ्या घरात आणू नगंस." मग म्हणाले, "शालन कुठं हाय?"

ती दारातच उभी होती.

"सगळं ऐकलं मी," रंगराव म्हणाले. "तू गप बसलीस ते."

"व्हय. बसले गप."

दिवा विझलेलाच राहिला.

बुधवारी दहाच्या सुमारास डॉक्टर ऐनापुरे आले. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आपली पाटी, म्हणजे टॅब्लेट, डब्याला जोडली, ड्रायव्हरची सही, किल्ल्यांची यादी, तिजोरी, सगळं तपासलं आणि मान हलवली. "यंत्र स्वच्छ आहे. कुणाचा हात लागलेला नाही."

कायद्यानं घरच्यांना हजर राहायची मुभा होती. वृषाली खिडकीशी उभी राहिली. शालन पायथ्याशी बसली आणि तिनं चादरीखाली हात घालून नवऱ्याचं पाऊल धरलं. ती रडत नव्हती.

"रंगराव," डॉक्टर म्हणाले, "श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं की थांबवायचं? तुमच्या मनात असेल तेच सांगा. घाई नाही."

दिवा लागला, विझला. पुन्हा लागला. वृषालीनं खिडकीचा गज घट्ट धरला होता. काल रात्री तिनं मनाची सगळी तयारी केली होती, कुणाकुणाला कळवायचं तेसुद्धा ठरवलं होतं.

"चालू ठेवा," रंगराव म्हणाले.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. त्यांच्या पाटीवर शिक्का उमटला: विधान रुग्णाचं, यंत्र विश्वसनीय, कोणताही हस्तक्षेप नाही. शालननं पावलावर डोकं टेकलं आणि मग डॉक्टरांना पोचवायला, त्यांना चहा घ्याच म्हणून आग्रह करायला, बाहेर गेली. किती दिवसांनी तिच्या चालण्यात तरतरी होती.

वृषाली पलंगाजवळ आली. तिला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, त्याचाच तिला राग आला.

"आप्पा, तुम्ही तर बास म्हणणार होता."

"व्हय."

"मग?"

"तिचा हात बर्फासारखा गार पडला होता गं. पायाला लागत होता." दिवा जरा वेळ विझला. "कसं म्हणायचं मग?"

बाहेर शालन डॉक्टरांना चहात आलं चालेल का विचारत होती. नळीनं घशातला कफ ओढायची वेळ झाली होती. वृषालीनं हातमोजे चढवले. आता घशात नळी जाणार हे रंगरावांना हातमोज्यांच्या आवाजावरून कळलं.

"वृषा."

"काय आप्पा?"

"पुढच्या खेपेला डॉक्टर येतील तवा तिला देवळात पाठीव."

"बरं," वृषाली म्हणाली, आणि तिनं नळी उचलली.